इस्पितळात घातलेला माणूस

आमच्या राजापूरकडे आजारी माणसाविषयी बोलताना क्रियापदे मोठी नेमकी वापरली जातात. माणूस वैद्याकडे जातो, दवाखान्यात औषधाला जातो, उन्हाळे गावच्या ऊन पाण्यावर स्नानाला जातो. पण इस्पितळात मात्र तो 'जात' नाही, त्याला तेथे 'घातले' जाते. कोंडवाड्यात ढोर घालावे तसे. जाणाऱ्याला स्वतःची मर्जी असते. घातलेल्याला ती नसते. हा शब्दप्रयोग अन्यत्रही आहे, आणि हल्लीची पिढी तो फारसा वापरीत नाही. परंतु जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ऐकू येतो आणि त्यामागची धास्तीही अद्याप पुरती गेलेली नाही.

या धास्तीचे स्पष्टीकरण सुशिक्षितांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. अडाणी लोक, त्यांना शास्त्र कळत नाही, सुरीला भितात, विटाळाला भितात, आणि दुखणे हाताबाहेर गेल्यावर येऊन मरतात; मग इस्पितळाचे नाव बद्दू होते. इंग्रजी अमदानीतील अहवालांत हेच लिहिलेले आहे आणि आपल्याकडील बऱ्याच इतिहासकारांनीही ते थोड्याफार फरकाने उतरून घेतले. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. कोकणच्या माणसाची इस्पितळाची भीती ही अज्ञानातून कमी आणि अनुभवातून अधिक जन्मली, आणि तो अनुभव सुरीचा वा औषधाचा नव्हता. त्याला कोणी काही सांगत नसे, हा तो अनुभव होता.

मुळात इस्पितळ हा शब्दच आपल्याकडे समुद्रमार्गे आला. पाव, बटाटा, चावी यांच्याबरोबर पोर्तुगीजांनी तो या किनाऱ्यावर उतरविला. गोव्यातील त्यांच्या राजाचे इस्पितळ सतराव्या शतकात साऱ्या पूर्वेकडे नावाजलेले होते. त्याचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन एका फ्रेंच खलाशाने लिहून ठेवले आहे. फ्रान्स्वा पिरार हे त्याचे नाव. मालदीवजवळ त्याचे जहाज १६०२ साली फुटले, पुढे काही वर्षे तो त्या बेटांवर अडकून पडला, तेथून सुटला तो मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या हाती सापडला आणि १६०८ साली आजारी अवस्थेत गोव्याला आणला गेला. त्याला या इस्पितळात ठेवण्यात आले. तेथील स्वच्छ बिछाने, वेळेवर येणारे वैद्य, उंची भांड्यांतून मिळणारे जेवण यांचे त्याने इतके कौतुक केले आहे की, जगात याहून चांगले इस्पितळ नसेल असे वाचणाराला वाटावे.

बरे वाटू लागल्यावर पिरार आणि त्याचे सोबती बाहेर पडण्याची घाई करू लागले. तेथील व्यवस्था पाहणारा पाद्री त्यांना आज-उद्या करून थोपवून धरीत होता; का, ते मात्र सांगत नव्हता. अखेर एके दिवशी त्याने त्यांना गोड बोलून निरोप दिला, आणि बाहेर पडताच शिपायांनी त्यांना धरून तुरुंगात नेले. पाद्र्याला हे आधीपासून ठाऊक होते. दया येऊनच तो त्यांना थोपवीत होता. दया होती, शुश्रूषा होती, पथ्यपाणी होते, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले होते त्याला त्याचे पुढे काय होणार एवढेच तेवढे सांगितले गेले नव्हते. आपल्या किनाऱ्यावरच्या इस्पितळातील रोग्याने स्वतः लिहिलेल्या अगदी जुन्या हकीकतींपैकी ही एक; तिच्यात हा दोष असा आरंभीच नोंदलेला आहे.

राजापूरला युरोपियन माणूस नवीन नव्हता. इंग्रजांनी येथे वखार घातली ती १६४९ साली, मुंबई त्यांच्या हाती येण्याच्या किती तरी आधी. परंतु वखार आली म्हणून इस्पितळ आले नाही. येथला रोगी पुढची दोन-अडीचशे वर्षे वैद्याच्या, देवाच्या आणि पाण्याच्या हवाली राहिला. पाण्याच्या म्हणण्याचे कारण असे की, उन्हाळ्याचा गरम झरा संधिवाताला आणि त्वचारोगाला गुणकारी म्हणून पूर्वापार ख्यात आहे, आणि जवळच ती प्रसिद्ध गंगा साधारण तीन वर्षांनी अवतरते तेव्हा तर लांबून लांबून माणसे येतात. या उपचारांनी किती बरे झाले हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर फारसे उत्साहवर्धक नसावे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वैद्य नाडी पाही ती माजघरात, घरच्या चारचौघांसमक्ष. काढा उकळे तो घरच्याच चुलीवर. झऱ्यावर स्नान घडे तेही बायकापोरांसह. रोग्याचे शरीर घरच्यांच्या नजरेआड कधी होत नसे, आणि मरण आलेच तर ते कसे आले हे सर्वांना ठाऊक असे.

हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईला गेला. डोंगराळ जमीन, वाटण्या होऊन उरलेले तुकडे, सावकाराचे देणे. ही कारणे सर्वश्रुत आहेत. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या दर सहा-सात माणसांमागे एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला आढळला. त्यांतील पुष्कळ जण परळ, लालबाग, भायखळा, माझगाव या बाजूला गिरण्यांच्या आणि गोद्यांच्या आसऱ्याने राहात. एका गावच्या दहा-पंधरा जणांनी मिळून खोली घ्यावी, पाळीपाळीने निजावे, खाणावळवाल्या बाईकडे जेवावे, आणि कोणी आजारी पडला तर गाववाल्यांनीच त्याला आगबोटीत बसवून मुसाकाजीच्या बंदरापर्यंत पोचवावे अशी ती व्यवस्था होती. मुंबईतील मजुराचा दवाखाना म्हणजे त्याची खोली आणि त्याचा परिचारक म्हणजे त्याचा गाववाला.

१८९६ च्या सप्टेंबरात या व्यवस्थेवर घाला पडला. मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला होता. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा प्लेगच आहे असे २३ सप्टेंबरला म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीपुढे सांगितले. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यातील अधिकार वापरून त्यांनी असे फर्माविले की, अधिकाऱ्यांनी वाटेल त्या घरात शिरावे, ते धुऊन काढावे, आणि रोगी आढळल्यास त्याला इस्पितळात हलवावे, लागल्यास बळाने.

हा जाहीरनामा गिरणगावातल्या खोलीपर्यंत कोणत्या रूपाने पोचला असेल याची कल्पना करून पाहावी. वाचता येणारे थोडे. ज्यांना येत होते त्यांनी वाचला तरी त्यात नेले जाण्याची आज्ञा होती; नेल्यावर काय होणार याची माहिती नव्हती. कोठे ठेवणार, कोण पाहणार, नातेवाइकांना भेटता येईल का, अन्नपाणी कोणाच्या हातचे, मेल्यास प्रेत मिळेल का, बरा झाल्यास केव्हा सोडणार, यांतील एकाचेही उत्तर नाही. आणि दाराशी येणारा इन्स्पेक्टर वा शिपाई यांपैकी कशाचे उत्तर देण्यासाठी आलेला नसे. रोग्याला उचलून गाडीत घालीत, मागे राहिलेल्यांचे कपडेलत्ते जाळीत, खोलीत रसकापुराचे पाणी शिंपडीत, छपराची कौले काढून ऊन आत घेत. बाहेरच्या भिंतीवर खुणा करीत. प्लेगने माणूस मेला की तारखेसह एक वर्तुळ. आणि घर राहण्यास अयोग्य ठरले तर यू. एच. एच. ही इंग्रजी अक्षरे. आपल्या घराविषयी सरकारने दिलेला निकाल आपल्याच भिंतीवर लिहिलेला आहे आणि तो आपल्याला वाचता येत नाही, या स्थितीत हजारो कुटुंबे त्या हंगामात राहिली. त्या काळचे सगळे वर्णन एका बाजूला ठेवले आणि ही तीन अक्षरे एका बाजूला ठेवली, तर मला वाटते, ही तीन अक्षरे अधिक बोलतील.

रोगी नेत ते बहुतेक आर्थर रोडच्या इस्पितळात. साथीच्या रोगांसाठी म्युनिसिपालिटीने ते काही वर्षांपूर्वीच बांधले होते. आज तेथे कस्तुरबा रुग्णालय आहे. गाठीचा प्लेग हा असा रोग की शंभरांतले साठ-सत्तर दगावत, आणि येथे आणले जाणारे बहुधा अखेरच्या अवस्थेतले. म्हणजे गाडी आत जाई, आणि बहुतेक वेळा माणूस परत येत नसे. दाराच्या आत काय घडले हे बाहेर कोणी सांगत नसे. मग लोकांनी ते आपापल्या परीने जुळविले. रोग्याला उलटे टांगून विस्तवावर धरतात आणि त्याच्या डोक्यातून मोमियाई नावाचे तेल काढतात, ही एक कंडी. त्याच सुमारास मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून राणीने माणसांची काळिजे मागविली आहेत, ही दुसरी. ही डांबराची कामगिरी चापेकर बंधूंची होती हे पुढे उघडकीस आले. काळिजांची कथा कोणाची हे अर्थातच कधी कळले नाही. कंड्यांना बाप नसतो.

या कंड्या उद्धृत करून हसण्याची रीत आहे. मीही पहिल्यांदा वाचल्या तेव्हा हसलो असेन. परंतु त्यांत विचार मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. ज्या सरकारने आजवर गिरणीकामगाराच्या चाळीतली मोरी कधी पाहिली नाही, ते एकाएकी त्याच्या दुखण्यासाठी गाडी, डॉक्टर आणि शिपाई पाठविते. म्हणजे त्याला आपल्या शरीरातले काहीतरी हवे असले पाहिजे. हे अनुमान चुकीचे होते, पण ते अनुमान होते. खरे कारण ज्याने सांगावयाचे त्याने सांगितले नाही, तेव्हा ऐकणाऱ्याने आपल्या बुद्धीला पटेल असे एक कारण तयार केले.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. निमित्त एका कामगार बाईला तिच्या मनाविरुद्ध तेथे नेल्याचे होते. या हजारांत राजापूर तालुक्याचे किती होते हे कोणी मोजले नाही. परंतु ज्या वस्तीतून हा जमाव आला त्या वस्तीत रत्नागिरीच्या माणसांची दाटी होती एवढे खरे. सरकारी दृष्टीने हा दंगा होता. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. या लोकांनी कलेक्टर-कचेरीवर किंवा पोलीसचौकीवर चाल केली नाही. रोगी ज्या दाराआड दिसेनासा होई त्याच दारावर ते गेले. जे विचारून कळले नाही ते पाहून घ्यावे म्हणून तर ते गेले नसतील?

दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, कमिशनरांनी जाहीरनामा सैल केला. घरी नीट वेगळे ठेवता येत असेल तर रोग्याला नेणार नाही असे आश्वासन दिले. या माघारीचे एक कारण मोठे बोलके आहे. शहराचा मैला वाहणारे हलालखोर भीतीने पळून जातील आणि मग साऱ्या मुंबईची राहण्याजोगी अवस्था उरणार नाही, ही स्नोसाहेबांची मुख्य धास्ती होती. लोकांना समजावून सांगावे असे सुचले ते लोक निघून जातील तेव्हा.

आणि लोक तर निघालेच होते. पावसाळ्यात बंद असलेली कोकणची आगबोट नुकती सुरू झाली होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईच्या सव्वाआठ लाखांच्या आसपासच्या वस्तीतून सुमारे पावणेचार लाख माणसे शहर सोडून गेली असा अंदाज आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट भरून वाहात असे. बोट गावाला पोचविते आणि गाडी आर्थर रोडला, हा त्या वेळचा साधा हिशेब. त्यांच्याबरोबर रोगही कोकणात उतरेल या भीतीने बंदराबंदरावर उतारूंची तपासणी सुरू झाली, आणि मुंबईत जे टाळून आलो तेच मुसाकाजीच्या धक्क्यावर पुढे उभे अशी कित्येकांची गत झाली असावी. काखेत आणि जांघेत गाठ चाचपून पाहण्याची ती तपासणी. बायकांचीही. कशासाठी, हे येथेही सांगितलेले नसे.

डॉक्टर मंडळींवर येथे अन्याय होऊ नये. ती माणसे जिवावर उदार होऊन राबत होती. जे. जे. इस्पितळाचे डॉ. मॅन्सर १८९७ च्या जानेवारीत प्लेगनेच गेले. आर्थर रोडला डॉ. नसरवानजी चोकसी यांनी त्या साथीत आणि पुढच्या साथींत अक्षरशः हजारो रोगी पाहिले आणि त्यांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, ती मुंबईतच. निष्ठेची उणीव मुळीच नव्हती. उणीव होती ती अशी की, या निष्ठेचा पत्ता रोग्याला कधी लागू दिला गेला नाही. शिवाय एक गोष्ट त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती. प्लेग माणसाकडून माणसाला नव्हे, तर मुख्यतः उंदरावरच्या पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून १८९८ साली दाखविले, आणि सर्वांना पटावयास आणखी दहा वर्षे जावी लागली. म्हणजे गाठीच्या रोग्याला बळाने उचलून नेण्याने साथ आटोक्यात येण्याची फारशी आशा मुळातच नव्हती. हा रोग कसा पसरतो ते आम्हांलाही अजून कळलेले नाही, असे एक वाक्य एखाद्या जाहीरनाम्यात आले असते तर काय झाले असते? कदाचित काहीच नाही. राज्यकर्त्यांची भाषा तशी नसते हेच खरे.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सगळे अधिकार पुन्हा सरकारच्या हाती आले. मार्चमध्ये मुंबईत जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली, आणि पुण्यात रँडसाहेब आले. दोन शहरांतला फरक सर्वांस ठाऊक आहे, पण त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते. पुण्यात गोरे सोल्जर घरात शिरले, देवघरात गेले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा जो शेवट व्हावयाचा तो झाला. मुंबईत गॅटॅकर यांच्याजवळही अधिकार तेवढेच होते आणि झडत्याही होत्या. परंतु त्यांनी जातीजातींच्या पुढाऱ्यांना बरोबर घेतले आणि प्रत्येक समाजाला आपापले खाजगी प्लेग-इस्पितळ काढू दिले. पारशी, भाटिये, जैन, खोजे, मेमन यांची इस्पितळे निघाली. तेथे ओळखीचा डॉक्टर, ओळखीचे जेवण, आणि जवळ बसावयास घरचे माणूस. पुण्यातही टिळकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल उभे केले ते याच जाणिवेने. औषध दोन्हीकडे सारखेच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि माणसे दोन्हीकडे मरत होती. तरी या इस्पितळांवर मोर्चे गेल्याचे मला कोठे आढळले नाही. जातीच्या भिंतींआड चाललेल्या या सोयीचे मी गुणगान करणार नाही. गिरणीकामगाराला आणि हलालखोराला स्वतःचे इस्पितळ काढण्याइतका पैसा कोठून येणार? त्यांच्या वाट्याला आर्थर रोडच राहिले. परंतु रोगी इस्पितळाला भीत नसून न सांगण्याला भीत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

पुण्याजवळच सावित्रीबाई फुले याच साथीत रोगी गोळा करून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, उपचारकेंद्रात आणीत होत्या. एका आजारी पोराला तर त्यांनी पाठीवर घालून आणले. तेही रोग्याला हलविणेच होते. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच वारल्या.

मुंबई पुरती शहाणी मात्र झाली नाही. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्याकडील जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली आणि गोळीबारापर्यंत पाळी आली. त्यानंतर हळूहळू जबरदस्ती सैल होत गेली. भारत सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशननेही बळजबरीच्या उपायांचा उपयोग होत नसल्याची कबुली दिली. परंतु तोवर एका पिढीच्या मनावर इस्पितळ या शब्दाचा जो ठसा उमटावयाचा तो उमटून गेला होता, आणि ती पिढी मुसाकाजीवरून आपापल्या वाडीत पोचून तो शब्द नातवंडांना सांगत होती.

काळाची घाई, भाषेची अडचण, रोग्यांची गर्दी ही या मौनाची नेहमीची कैफियत. ती पुरती खरी नाही हे दाखविणारा एक प्रसंग पुढे सत्तावीस वर्षांनी पुण्यातच घडला. येरवड्याच्या तुरुंगातील एक कैदी पोटदुखीने आजारी पडला. आंत्रपुच्छाचा दाह, शस्त्रक्रिया तातडीची. १२ जानेवारी १९२४ ची रात्र, ससून हॉस्पिटल, शल्यवैद्य कर्नल मॅडॉक, म्हणजे सरकारी नोकरीतला इंग्रज लष्करी डॉक्टर. कैदी होते महात्मा गांधी. कर्नलने त्यांना दुखणे समजावून दिले, त्यांच्या पसंतीचे डॉक्टर बोलावण्याची मुभा दिली, आणि तेवढा वेळ नाही असे दिसताच श्रीनिवास शास्त्री यांना रात्री बोलावून घेण्यात आले. गांधींनी संमतीचे निवेदन सांगितले, शास्त्रींनी ते लिहून घेतले, गांधींनी थरथरत्या हाताने सही केली. शस्त्रक्रिया चालू असता विजेचे दिवे गेले आणि अखेरचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. घाई होती, रात्र होती, रोगी कैदी होता, डॉक्टर परक्या सरकारचा होता. आणि तरी सगळे सांगितले गेले, विचारले गेले, लिहून ठेवले गेले. कारण उघड आहे. त्या खोलीत काय घडते याकडे सारा देश पाहात होता. आर्थर रोडच्या खाटेवरच्या राजापूरकराकडे त्याच्या गाववाल्याखेरीज कोणी पाहात नव्हते, आणि गाववाला फाटकाबाहेर होता.

स्वराज्यात हे बदलले का? याचे उत्तर द्यावयास आपल्याच जिल्ह्यातले एक प्रकरण आहे. ६ मे १९५३ च्या संध्याकाळी गुहागरजवळच्या पालशेत गावी, समुद्राच्या वाळूत, वीस वर्षांच्या एका तरुणाची डावी मांडी मोडली. गावच्या डॉक्टरांनी फळ्या बांधून पाय स्थिर केला. दोन दिवसांनी त्याला टॅक्सीत घालून सुमारे दोनशे मैलांवर पुण्याला नेले, आणि ९ मे रोजी तो तेथील एका शल्यवैद्याच्या खाजगी इस्पितळात दाखल झाला. वडील स्वतः डॉक्टर होते. म्हणजे भाषेची वा अज्ञानाची सबब येथे नाही. मुलाला मॉर्फियाचे इंजेक्शन दिले, शस्त्रक्रियेच्या खोलीत नेले, पाय प्लास्टरमध्ये घालून परत आणले. आत काय केले? वडिलांना एवढेच सांगण्यात आले की, संध्याकाळी सातपर्यंत गुंगी उतरेल. त्या भरवशावर ते दौंडला परत गेले. साडेसहाच्या सुमारास जवळ असलेल्या दुसऱ्या आप्ताच्या लक्षात आले की, मुलाला श्वास घेता येत नाही. रात्री नऊला तो गेला.

आत काय केले, या एका प्रश्नाचे उत्तर मिळवावयास वडिलांना पुण्याचे न्यायालय, मुंबईचे उच्च न्यायालय आणि दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. पूर्ण भूल न देता, तीन माणसांच्या जोरावर पाय ओढून हाड बसविले गेले आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष खालच्या न्यायालयांनी काढला. सर्वोच्च न्यायालयाने तो २ मे १९६८ रोजी कायम केला. नुकसानभरपाई तीन हजार रुपये. न्यायमूर्ती शेलत यांचा हा निकाल पुढे डॉक्टरांच्या कर्तव्यांचा पाया म्हणून देशभर उद्धृत होऊ लागला. रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविण्यात काळजी, उपचार कोणता द्यावा हे ठरविण्यात काळजी, आणि तो उपचार करण्यात काळजी अशी तीन कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. सांगण्याचे कर्तव्य त्या यादीत नाही. ते स्पष्ट शब्दांत यावयास आणखी चाळीस वर्षे लागली. १६ जानेवारी २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, रोग्याची संमती ही पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली असावी, आणि तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढून टाकण्याला लागू होत नाही.

आता संमतीचा कागद असतो. आमच्या नात्यातील एका बाईंना काही वर्षांपूर्वी एका शहरातील मोठ्या रुग्णालयात ठेवले होते, तेव्हा असा कागद माझ्याही हातात आला होता. चार पाने, बारीक टाइप, सगळे इंग्रजी. सही कोठे करावयाची त्या जागी परिचारिकेने पेन्सिलीने फुली करून ठेवली होती. भिंतीवरच्या यू. एच. एच.ची मला त्या वेळी आठवण झाली.

मुसाकाजीची आगबोट कधीच बंद पडली. राजापूरचा रोगी आता रत्नागिरीला, घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर राजापूर रोड स्थानकावरून रेल्वेने मुंबईला जातो. एकट्या रोग्याला सहसा कोणी पाठवीत नाही. भाऊ, जावई, वाडीतला एखादा जाणता आणि मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेला कोणीतरी, अशी चार माणसे बरोबर निघतात. रुग्णालयांना या गर्दीचा त्रास होतो, पासांची, वेळांची बंधने घातली जातात, पहारेकरी हटकतात. माणसे जिन्याखाली, व्हरांड्यात, फाटकाशी बसून राहतात, आणि पांढरा कोट घातलेला कोणीही बाहेर आला की चौघेही उठून उभी राहतात.